एचडी आलं का?

३ तारीख, सोमवार, सकाळी ८
निर्णय झाला. घरात एचडी आणायचं.
ही येत्या रविवारी टीव्हीवर येणार आहे. बागकामाचा कार्यक्रम, सकाळी अकरा वाजता. गेल्या आठवड्यात मी ऑफिसात असताना चॅनेलवाले येऊन गच्चीत शूटिंग करून गेले. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. पहिल्यांदाच बायको टीव्हीवर दिसणार आणि ती धूसर? माझ्या घरात तरी नाही.
साडूकडे एचडी आहे. मागच्या खेपेला त्याने मॅच लावली आणि मला मैदानातल्या गवताचं एकेक पातं दाखवलं. रविवारी त्याला सहकुटुंब बोलावलंय. ही म्हणाली, आधी चित्र नीट येऊ दे, मग बोलवा. म्हटलं, ते माझ्यावर सोड.

४ तारीख, मंगळवार, संध्याकाळी ७
नवा सेट-टॉप बॉक्स आला. कंपनीवाले फोनवर म्हणाले, टेक्निशियन पाठवतो. ठणकावून नाही म्हटलं. अँटेनाच्या जमान्यात आख्ख्या आळीचे अँटेना मी फिरवलेत. मी वर, खाली एक माणूस. वरून ओरडायचं, आलं का? खालून ओरडायचे, आलं! यात टेक्निशियनचा काय संबंध?
वायरी कन्येने जोडल्या. (मार्गदर्शन माझं.) चित्र आलं! एकदम लख्ख. दीड मिनिट. मग बातम्या देणाऱ्याच्या तोंडाचे चौकोन झाले आणि तो तसाच थिजला. जुन्या बॉक्सवरही अधूनमधून व्हायचं. कारण ढग.
ही म्हणाली, भोपळ्याचा वेल डिशवर चढलाय, पानं आड येत असतील. मला हसूच आलं. छत्तीस हजार किलोमीटरवरून येणारा सिग्नल भोपळ्याच्या पानाला घाबरेल? तिला शांतपणे समजावलं. तिनेही शांतपणे ऐकून घेतलं.

६ तारीख, गुरुवार
आकाश निरभ्र. चौकोन कायम. ढग दिसत नसले तरी वर कुठेतरी असतातच.
ऑफिसात आवक-जावकच्या टेबलावर डिशचा आराखडा काढला. शेजारच्या टेबलवाल्याने विचारलं, कढई का काढताय? दुर्लक्ष केलं. निष्कर्ष: डिश दोन बोटं डावीकडे हवी.
घरी हिला सांगितलं. म्हणाली, आणि पानांचं काय? म्हटलं, नंतर बघू.

८ तारीख, शनिवार, सकाळी ९
गच्चीत निघताना ही म्हणाली, पानं बघा हो. म्हटलं, पाना घेतलाय.
नट सैल केले. डिश दोन बोटं डावीकडे. पानं मधे मधे करत होती. ती पडद्यासारखी बाजूला सारून काम केलं आणि हिला वाईट वाटू नये म्हणून होती तशी परत लावून ठेवली. एक भोपळा तर थेट डिशच्या दांड्याला लटकलाय. त्याच्या वजनाने डिश हलणार नाही, ही जमेची बाजू.
९.४०. कन्येला टीव्हीसमोर बसवलं. आलं का? नाही.
१०.१५. आलं का? नाही.
११.००. आता चौकोनही नाहीत. काळा पडदा, मधोमध ‘सिग्नल नाही’. कन्या म्हणाली, अक्षरं मात्र फार सुरेख दिसतायत बाबा. पोरीच्या बोलण्यात मावशीच्या घरचं वळण येऊ लागलंय.
दुपारी टेक्निशियनला फोन केला. (फक्त त्याचं मत घ्यायला.) सोमवारी येतो म्हणाला. बघू. घाबरण्यासारखं काही नाही, उद्याची सकाळ आख्खी हातात आहे.

९ तारीख, रविवार
१०.३५. साडू सहकुटुंब हजर. आल्या आल्या रिमोट मागितला. म्हटलं, शेवटचा हात फिरवतोय, बसा. ही ठेवणीतले कपडे घालून सोफ्याच्या कडेला बसली होती. 
१०.५०. गच्चीत. आलं का? नाही.
१०.५८. आलं का? नाही हो बाबा!
११.०४. आलं का? उत्तर नाही. म्हणजे आलं असणार. बघण्यात गुंग झाले असतील. तरी खात्रीसाठी एक बोट उजवीकडे.
११.२०. अजून उत्तर नाही. घसा बसला.
११.३५. खाली आलो. घर रिकामं. टीव्हीवर ‘सिग्नल नाही’. सगळे खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे! काकूंचा टीव्ही म्हणजे पाठीला पोक आलेलं जुनं डबडं. माणसं हिरवट दिसतात. कार्यक्रम नुकताच संपला होता आणि टाळ्या चालल्या होत्या. मला बघून टाळ्या थांबल्या, हशा सुरू झाला.
साडूने सविस्तर सांगितलं. म्हणे हिने कार्यक्रमात भोपळा दाखवला. म्हणाली, याला डिशचा आधार दिलाय, त्यामुळे टीव्ही अडकतो, पण आमच्या ह्यांच्या मते ते ढगांमुळे. कन्या म्हणाली, भ्रमाचा भोपळा! मेहुणीला ठसका लागला.
ही हसत नव्हती. एवढंच म्हणाली, तुम्ही तेवढे हवे होतात.
फार वाईट वाटलं. जेवण गेलं नाही. (नंतर थोडं गेलं.)

१० तारीख, सोमवार, संध्याकाळी
टेक्निशियन आला. दारातच म्हणाला, काल ताईंना टीव्हीवर पाहिलं, तो भोपळा कुठाय? हिने वेलाला हात लावू दिला नाही. त्याने डिश पलीकडच्या भिंतीवर बसवली. वीस मिनिटांत. एकदाही ‘आलं का’ ओरडला नाही, हातातल्या यंत्रात बघत होता. यंत्र असतं तर मीही केलं असतं.
चित्र काय वर्णावं! हिचा कार्यक्रम गुरुवारी दुपारी तीनला पुन्हा दाखवणार आहेत. त्याला चॅनेल लावून दाखवलं आणि विचारलं, यावर माणूस किती स्पष्ट दिसेल? म्हणाला, साहेब, हे चॅनेल एचडीत नाहीच.

१३ तारीख, गुरुवार, दुपारी ४
अर्धी रजा टाकली. कन्या कॉलेजात. आम्ही दोघंच.
चित्र धूसर. गच्ची, कुंड्या, भोपळा, भोपळ्यामागे आमची डिश. कार्यक्रमवाल्या बाईने हिला विचारलं, झाडांशी बोलता का हो? ही हसली. म्हणाली, बोलते ना. घरात बोललेलं कुणाच्या कानावर पडत नाही. झाडं ऐकून घेतात.
हा भाग रविवारी मला कुणी सांगितला नव्हता. साडूनेसुद्धा नाही.
चित्र धूसर होतं. आवाज मात्र चांगला स्वच्छ होता.
 म्हटलं, छान दिसतेस. म्हणाली, यात काही दिसतंय का? मग विचारलं, झाडांना पाणी घालू का? म्हणाली, सकाळीच घातलं. रोज सातला घालते. बारा वर्षं झाली.
बारा वर्षं! मला वाटायचं, ही गच्चीत कपडे वाळत घालायला जाते.
निश्चय: उद्यापासून रोज सातला गच्चीत, हिच्यासोबत. आपण काही बोलायचं नाही. फक्त ऐकायचं. अलार्म लावला आहे.

१४ तारीख, शुक्रवार, सकाळी ८.५०
अलार्म वाजला होता म्हणे. हिने दोन हाकाही मारल्या.
मला काही ऐकू आलं नाही.