लिंबाचा डहाळा कुणासाठी

११ मे, लातूर
उजव्या बरगडीखाली तीन दिवस आग. घामोळं समजलो. काल लेकीने, मंजूने, पाठीला पावडर लावून दिली. आज तिथेच पाण्याचे फोड, एका पट्ट्यात. शेजारचे काका: "नागीण हाय. गेरू लावा. तोंड-शेपूट जुळलं की माणूस गेला." डॉक्टर हसले. नागीणच, पण एकाच बाजूला राहते, जुळत नाही. गोळ्या रोज पाच वेळा.
मग विचारलं, घरी कोण?
मुलगी. बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय.
"तिला लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या? नसतील तर तुमच्या फोडांतून होतील. तिलाही धोका, बाळालाही."
मला माहीत नाही.

१२ मे
वरची खोली क्लासच्या मुलांची, सुट्टीमुळे रिकामी. कालपासून इथे. फोडांवर पट्टी. टॉवेल, कपडे वेगळे.
मंजूला अंथरुणात घातलेला कडुलिंबाचा पाला आठवतो, कांजिण्यांत घालतात तो. कुणासाठी, ते नाही. ती आणि तिचा भाऊ दीपू एकाच गोधडीत झोपत.
बायकोला, सुशीलाला, माहीत असतं. ती आणि दीपू भूकंपात गेले. मी नांदेडला नोकरीला. त्याच वर्षी जूनमध्ये मंजूला शाळेसाठी तिकडे नेलं होतं.

१३ मे
किल्लारीला रशीदाबींना फोन. जुन्या गावात घरोघर बांगड्या भरायच्या.
"हाव, आठवतं की. तुमच्या दाराला लिंबाचा डहाळा व्हता. सुशीला म्हणली, भाभी, आत येऊ नका, लेकराला देवी आलीय."
गावात कांजिण्यांनाही देवीच म्हणत. कोणत्या लेकराला?
"बाप तुम्ही का मी? शनिवारी यायचे, रविवारी पळायचे."
खरं आहे.
मग हळू म्हणाल्या, "लेकरू म्हणली. नाव न्हाई घेतलं."

१४ मे
मंजूच्या डॉक्टरीणबाईंना फोनवर सगळं सांगितलं. पावडरचंही. एका गोधडीत होते तर बहुतेक दोघांनाही झाल्या असतील, म्हणाल्या. पण बहुतेकवर थांबायचं नाही. मंजूचं रक्त तपासायला दिलं. झाल्या नसतील तर इंजेक्शन, पावडर लावली त्या दिवसापासून दहा दिवसांच्या आत. म्हणजे वीस तारीख.

१७ मे
फोड सुकतायत. दोन अजून ओले. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत खाली जाणार नाही.
दुपारी मंजू अंगणात, मी वर कठड्याशी.
"बाबा, गोधडी कोण ओढायचं? मी का दीपू?"
दीपू. सगळी ओढून घ्यायचा. एवढं मला माहीत आहे, शनिवारी बघितलेलं.
"मग देवीपण सगळी त्यानेच घेतली असेल."
हसली. इतक्या वर्षांत त्याचं नाव आमच्यात निघालं नव्हतं.
रिपोर्ट उद्या अकराला. इंजेक्शन सोलापूरला मिळतं. दुकानदाराला एक बाजूला ठेवायला सांगितलंय. गाडीवाल्याला तासभर आधी, दहालाच बोलावलं.