उकड्याला जेवायला शिकवलं

३ जानेवारी
वाचनालयाच्या भाषा-मैत्री योजनेत नाव घातलं. दर बुधवारी संध्याकाळी एका इंग्रजाशी व्हिडिओवर बोलायचं. समोर आपापलं ताट. अर्धा तास त्यांची भाषा, अर्धा तास आपली, विषय रोजचं जेवण. जुलैत तो इंग्रज आठवडाभर आपल्या घरी राहणार. जाताना आपल्या घरातलं एक नाव सांगणार, आणि त्या माणसाला योजना महिनाभर त्याच्याकडे पाठवणार.
म्हणजे मला. घरात माणसं दोन, त्यातल्या दुसरीला ABC सुद्धा नीट येत नाही.
छापखान्यात मी प्रूफं तपासतो. चुका काढणं हा माझा धंदाच आहे. तिकडे काम भरपूर निघेल.
संकल्प: रोज वीस नवे शब्द.

८ जानेवारी, संध्या. ७
माझ्या वाट्याला निवृत्त बसड्रायव्हर आला. आता काय बोलायचं! एकटाच राहतो. ताटात उकडलेला बटाटा, उकडलेले मटार, उकडलेलं गाजर. नाव लांबलचक आहे. मी उकड्या ठेवलं.
हिने कोबी केला होता. नेहमीप्रमाणे ताट बोटाने पुढे ढकललं. शी, हे काय वाढलंय, मीठ रजेवर गेलंय का, असं विचारलं. मग जेवलो. कोबी दोनदा घेतला. उकड्या टक लावून बघत होता. बिचाऱ्याने सभ्य माणसाचं जेवण कधी बघितलं नसणार.

२२ जानेवारी
आज उकड्याने पाव भाजला आणि त्यावर डब्यातले बीन्स ओतले. झालं जेवण! हे म्हणे तिकडे लहानथोर सगळे खातात, आणि आवडीने. मी व्हेरी नाइस म्हणालो. आमच्याकडे अशा वेळी काय म्हणतात, असं त्याने विचारलं. आमच्याकडे खरं बोलतात, असं ठणकावून सांगितलं.
वीस शब्द झाले नाहीत. खोकल्याच्या औषधाच्या कागदाचं प्रूफ आलं होतं. सोमवारपासून चाळीस.

१२ फेब्रुवारी
उकड्याने हुशारीचा प्रश्न विचारला. (पहिलाच.) मी दर वेळी पहिल्या घासाआधी ताट सरकवून काहीतरी म्हणतो, ती प्रार्थना आहे का? साधारण तसंच, म्हणालो. करणाऱ्याचं भलं व्हावं म्हणून सुशिक्षित घरांत म्हणतात. आता खरं कारण सांगत बसलो तर अर्धा तास त्यातच जायचा.
त्याने हट्टाने पाठ करून घेतलं. मीही घोटून घेतलं. मग पुढचं शिकवलं: जनावरसुद्धा तोंड लावणार नाही. हे अवघड वाक्य आहे, पण पठ्ठ्याला जमलं. 'शी' तर माझ्यापेक्षा चांगला म्हणतो.
ही दारात उभी राहून ऐकत होती. मग भांडी घासायला निघून गेली. हिला भाषाशिक्षणात काडीचाही रस नाही.

१२ मार्च
छापखान्यातून यायला उशीर झाला. तोवर ही मोबाइलसमोर बसलेली! हातात बटाटा. ही बटाटा म्हणाली की तो पोटॅटो म्हणणार. मग पाणी, वॉटर. निव्वळ बालवाडी. दोघं खो खो हसत होती. मी खुर्ची ओढली तशी दोघं गप्प झाली. माझ्या येण्याने शिस्त लागते, हे मी छापखान्यातही पाहिलंय.

३० एप्रिल
तिकडे द्यायच्या भाषणाचा विषय ठरला: 'तुमच्या जेवणातल्या चुका'. पहिलं वाक्य तयार आहे. बाकीचं विमानात.
हल्ली मी दर बुधवारी थोडा उशिराच येतो. हिचा सराव होतो तेवढाच. बायकांना वाव द्यावा.

८ जून
नवी बॅग आणली. चाकांची. हॉलमध्ये ओढून पाहिली.
तिकडच्यांना माझ्या हातचं खाऊ घालायचं ठरवलंय. एक घास खाल्ला की पोटॅटो विसरतील. आज रंगीत तालीम म्हणून भात लावला. लागला. आमचा गॅसच वाह्यात आहे. हिला पातेलं घासायला दिलं. बुडाला करपलेलं निघत नाही म्हणून तिने ते रात्रभर भिजत ठेवलं. सगळ्यात चालढकल.

१४ जुलै
उकड्या आला. उंच, कान मोठे, हसतो फार. हिला एकदम वहिनी म्हणाला. कोणी शिकवलं कोण जाणे, मी नाही.
हिने सकाळपासून खपून चार भाज्या केल्या. उकड्याने हात जोडले, ताट बोटाने पुढे ढकललं आणि प्रेमाने म्हणाला, शी, हे काय वाढलंय, मीठ रजेवर गेलंय का. हिला इतकं हसू फुटलं की पाणी नाकात गेलं. हसता हसता डोळे पुसत आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.
उच्चार निर्दोष होते. तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना जरा कसंसंच वाटलं. प्रवासाने त्याचा आवाज बसला असेल.

१६ जुलै
वाचनालयाच्या ग्रंथपालबाईंकडे जेवण. त्यांच्या सासूबाईंनी, ऐंशीच्या घरातल्या, स्वतः रांधलं होतं. काठी टेकत वाढायलाही त्याच आल्या. उकड्या उठून उभा राहिला, त्यांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, शी, जनावरसुद्धा तोंड लावणार नाही. एवढ्यावर न थांबता मिठाचंही म्हणाला.
म्हातारीने पळी खाली ठेवली आणि आत निघून गेली. ग्रंथपालबाईंनी विचारलं, हे शिकवलं कोणी. उकड्याने अभिमानाने माझ्या खांद्यावर हात ठेवला.
त्याला मुळातच भाषेचं अंग कमी आहे, असं मी सांगितलं. कोणी विश्वास ठेवला नाही. अडाणी लोक.

१७ जुलै, सकाळ
उकड्याने हिला सरळच विचारलं, ही तुमच्याकडची पद्धत आहे की नाही? ही म्हणाली, पद्धत आहे, पण फक्त आमच्या ह्यांची. हे तिने इंग्रजीत सांगितलं! मोडकंतोडकं, पण त्याला बरोबर कळलं. त्याचे मोठे कान लालबुंद झाले. नाश्ता सोडून एकटा चालत त्या सासूबाईंकडे गेला, माफी मागायला.
तिकडून आला तो थेट स्वयंपाकघरात. हिला खुर्चीवर बसवलं. पाव भाजला, डबा फोडला, बीन्स गरम करून तिच्यापुढे ठेवले. ती खाऊ लागली आणि रडायलाच लागली. बीन्स एवढे वाईट असतील तर ठेवून द्यावेत, म्हणालो. ही म्हणाली, या घरात कोणी बसवून गरम वाढलं ते आज पहिल्यांदा.
मी पेपर वाचत होतो. पेपरातही फार चुका.

२१ जुलै
उकड्या गेला. जाताना नाव सांगून गेला. हिचं.
उघडउघड चूक आहे. वाचनालयात जाऊन दुरुस्ती सांगितली. ग्रंथपालबाई म्हणाल्या, नाव बरोबर आहे. तीनदा म्हणाल्या.

२३ जुलै
हिने आपण होऊन नकार द्यावा म्हणून समजावलं. तुला येतं काय, विचारलं. म्हणाली, पोटॅटो येतं, वॉटर येतं, थँक यू येतं. थँक यू म्हणे त्याच्याकडून नव्याने शिकली. टोमणा कोणाला होता, कळलं नाही.
माझी बॅगही घेतली. चाकं चांगली आहेत म्हणाली.

२ सप्टेंबर
ही गेली. मला मुळात जायचंच नव्हतं. महिनाभर उकडलेलं कोण खाणार! एकटा असताना भाषण पूर्ण करीन. स्वयंपाक म्हणजे काय रॉकेट सायन्स नाही.

९ सप्टेंबर
खाणावळ लावली. तात्पुरती.

११ सप्टेंबर
खाणावळवाल्याने माझं जेवण बंद केलं. ताट ढकलून खरं बोललो, एवढंच. तो म्हणाला, हे ऐकून घ्यायला मी तुमची बायको नाही.

१४ सप्टेंबर, दुपार
अंडं तव्यावर फोडलं. कवच बहुतेक सगळं काढलं. एक बाजू काळी, दुसरी कच्ची, मधे खाण्यासारखं बरंच निघालं.
तेवढ्यात हिचा फोन. आवाज मोकळा वाटला. रोज संध्याकाळी म्हणे उकड्याच्या शेजारणी जमतात. एक दिवस ही करते, एक दिवस त्या. जेवण झालं की आधी करणारीला थँक यू म्हणतात, मग उठतात. नुसता वेळेचा अपव्यय. मग तिने विचारलं, काय खाल्लंत. सांगितलं, अंडं. कसं झालंय, विचारलं. छान झालंय, म्हणालो.
मग ही म्हणाली, अहो, लग्न झाल्यापासून तुमच्या तोंडून हे आज पहिल्यांदा ऐकलं. तेही स्वतःच्या हातच्याला.
त्यानंतर काही ऐकू येईना. मी बराच वेळ हॅलो हॅलो करत राहिलो. तिकडचं नेटवर्क अगदीच सुमार आहे.