चावी मागच्याच्या हाती

लिहून ठेवणार मी, धंदा ट्रक ड्रायव्हर, लांब पल्ल्याचा. गाडीतळावर मला सगळे उस्ताद म्हणतात आणि ते नाव मी हक्काने मिरवले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, स्मरण ठीक आहे, आणि कोणी माझा हात धरून हे लिहवून घेत नाही. मान मात्र शाबूत नाही. ती डावीकडे थोडी वळते, उजवीकडे मुळीच नाही. मृत्युपत्रात मानेचे काय काम, असे वकीलबाईंनी विचारले. काम आहे, कारण सगळे तिच्यापाशीच येऊन अडते. यापूर्वीचा टाइप केलेला मसुदा रद्द समजावा. हा मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे.

कलम एक. राहते घर, म्हणजे दोन खोल्या, मागची मोरी आणि गच्चीवरची पत्र्याची शेड, हे सर्व माझ्या पत्नीचे. घर तिनेच चालवले, मी फक्त दाराशी येऊन हॉर्न वाजवला. पूर्वी मी गाडी दारापर्यंत आणायचो. अख्खी गल्ली रिव्हर्समध्ये, एका दमात. शेजारी बघायला खिडकीत यायचे आणि मला ते आवडायचे. हल्ली गाडी मोठ्या रस्त्याला लावतो आणि चालत येतो. पत्नीला सांगितले की गल्ली खणून ठेवली आहे.

"कुठली गल्ली?" ती म्हणाली. "आत्ता तिथूनच भाजी घेऊन आले मी."

मी पाणी पीत बसलो. त्यानंतर तिने एकदाही खोदून विचारले नाही, पण माझा चष्मा, औषधे, ताट, सगळे मला वळावे लागणार नाही असे समोर ठेवू लागली. अधूनमधून मात्र विचारते, "गल्ली अजून खणलेलीच आहे का हो?" मी हो म्हणतो. बायकोशी असे खोटे बोलायची मला लाज वाटते, आणि ती ते चालवून घेते याची जास्त.

कलम दोन. बँकेत जे असेल तेही पत्नीचे. मुलीला काय द्यायचे ते तिला कळते.

कलम तीन. डिझेल मोजायची काठी मुलीला द्यावी. माझ्या गाडीचा काटा कधी खरे बोलला नाही. टाकीत काठी बुडवायची आणि ओल कुठवर आली ते बघायचे. तिच्यावरच्या खुणा मुलीने शाळेत असताना कोरल्या आहेत, त्यातली एक चुकली आहे. त्या खुणेने मला एकदा ऐन चढावर उभे केले, पण मी तिला ते कधी सांगितले नाही. आता ती नोकरी सांभाळून मोबाइलवर माझा रस्ता बघते. "बाबा, पुढच्या पंपावर गर्दी आहे, अलीकडेच भरून घ्या." तिचे बरोबर असते. मी मात्र हल्ली असा रस्ता धरतो की कुठे गाडी मागे घ्यावी लागू नये. त्यात वळसा पडतो आणि डिझेल जळते. मागच्या खेपेला ती म्हणाली, "हा रस्ता लांबचा आहे, बाबा. तुम्ही इकडून का जाताय?" मी म्हणालो, "तुला काय कळतंय गं गाडीतलं?" तिला कळत होते. काठी तिला द्यावी आणि ते वाक्य मी परत घेतले असे सांगावे.

कलम चार. फाटकी ताडपत्री मेहुण्याला. त्याने जन्मभर स्कूटर चालवली आणि मला रस्ते सांगितले. त्याने सुचवलेल्या जवळच्या रस्त्यावर ठेंगणा पूल लागला आणि निम्मी ताडपत्री तिथेच राहिली. "पूल तेव्हा उंच होता," असे तो अजून म्हणतो. उरलेली निम्मी त्याने पांघरावी किंवा अंथरावी, वाद घालू नये.

कलम पाच. घरातली पाठीची लाकडी खुर्ची गोदामाच्या वॉचमनला. ही मी आधीच पोचवली आहे, तरी कोणी परत मागू नये म्हणून नोंद करतो. त्याचे झाले असे. गोदामाच्या धक्क्याला, म्हणजे माल चढवायच्या ओट्याला, मी गाडी मागे लावत होतो. आरशात जेवढे दिसले तेवढ्यावर भागवले, आणि मागे काहीतरी मोडले. खाली उतरलो तर वॉचमनचे स्टूल चाकाखाली. तो त्याच क्षणाला पाणी प्यायला उठला होता. हातात बाटली धरून उभा होता.

"बरं झालं, उस्ताद," तो हसत म्हणाला. "आता साहेबांना नवीन द्यावंच लागेल."

मला हसता आले नाही. खुर्ची मी त्याच संध्याकाळी डोक्यावर घेऊन गेलो. पुढे सावकाश चालवायचे ठरवले आणि गाडी चालवीतच राहिलो.

कलम सहा. माझी गाडी. रद्द केलेल्या मसुद्यात असे होते की माझ्या मृत्यूनंतर ती तिरक्याला मिळावी. तिरका म्हणजे माझ्यासारखाच ड्रायव्हर, पण मालकाच्या गाडीवर. नवा आला तेव्हा त्याला धक्क्याला गाडी सरळ लावता येत नसे. मी चहाच्या टपरीवरून ओरडायचो, "अरे, गोदाम इकडे आहे!" सगळे हसायचे. तिरका हे नाव मी ठेवले आणि ते त्याला चिकटले. त्याच्या लग्नातही लोकांनी त्याला त्याच नावाने हाक मारली.

आता आमची एक रीत सांगतो. लोडसाठी रांगेत थांबावे लागते, कधी दिवस जातो, कधी जास्त. चहाला जायचे तर चावी मागच्याच्या हातात द्यायची. रांग हलली की तो चहाला गेलेल्याची गाडीही पुढे घेतो, नंबर जात नाही. माझी मान अडली, तेव्हापासून माझ्या मागे नेहमी तिरकाच असतो. मला तो योगायोग वाटला. नंतर कळले की माझ्या मागे येता यावे म्हणून तो स्वतःचा नंबर सोडतो आणि लोडसाठी आणखी ताटकळतो. माझी धक्क्याची पाळी आली की म्हणतो, "उस्ताद, चहा घेऊन या. चावी ठेवा." मी टपरीवर तळाकडे पाठ करून उभा राहतो. परत येतो तर गाडी धक्क्याला लागलेली असते, सरळ. तळावर कोणाला काही कळत नाही. स्टूल मोडले त्या दिवशी तो घरी होता.

ज्याला मी हसलो त्याने माझी लाज झाकली, आणि मी त्याला गाडी लिहून दिली, तीही मेल्यावर. मला वाटले, फिटले.

कलम सात. आज वकीलबाईंच्या टेबलावर, त्या टाइप केलेल्या मसुद्यावर सही करण्याआधी जे झाले ते असे. साक्षीला म्हणून मी तिरक्याला आणि टपरीच्या चहावाल्याला बोलावले होते. वकीलबाई म्हणाल्या, ज्याला काही मिळणार आहे तो साक्षीदार नको.

"मग माझं नाव काढा त्यातून," तिरका म्हणाला. "मी साक्षीदार राहतो."

"गाडी सोडतोस?" मी म्हणालो. "डोकं ठिकाणावर आहे का?"

"उस्ताद, वॉचमनला खुर्ची लगेच नेऊन दिलीत. मला चावी मेल्यावर देणार. तोवर स्टुलावर कोण बसलेलं असेल, सांगता येतं का?"

चहावाला जमिनीकडे बघू लागला. त्यालाही माहीत होते. माझी पाठ सगळ्या तळाकडे होती, पण तोंड त्याच्याकडेच होते ना. मी इतके दिवस कोणापासून काय लपवत होतो, कुणास ठाऊक.

रांगेत उभा असतो तोवरच मी उस्ताद, घरी नुसता मान धरलेला म्हातारा, ही एवढीच गोष्ट होती. त्यासाठी मी एका माणसाचे स्टूल मोडले आणि तो वाचला यात माझे कर्तृत्व नाही.

म्हणून त्या मसुद्यातली गाडीची देणगी मी खोडली आहे. गाडी आजच, माझ्या हयातीत, तिरक्याला दिली. नावावर करायचे कागद वकीलबाई वेगळे करतील. ती आता माझ्या मालमत्तेत नाही, तेव्हा त्याची साक्ष चालेल ना, असे मी विचारले. त्यांनी होकाराची मान हलवली. त्यांची हलते.

चावी मी खिशातून काढून त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणालो, "ठेव. मी चहाला जाऊन येतो."

"या सावकाश," तो म्हणाला.

हे सर्व मी वाचले, मला कबूल आहे, आणि दोघा साक्षीदारांच्या डोळ्यांदेखत सही करत आहे. पत्नीला आज घरी गेल्यावर सांगेन की गल्ली कधीच खणली नव्हती.

सही: उस्ताद
ठिकाण: वकीलबाईंची कचेरी, गाडीतळासमोर
तारीख: वर शिक्का आहे तीच

साक्षीदार: टपरीचा चहावाला
साक्षीदार: तिरका (खरे नाव लिही म्हणून मी दोनदा सांगितले. त्याने हेच लिहिले.)