काचेचं पोट

३ मार्च
गेली! माझी काचेची डबी गेली. प्रयोगशाळेच्या सरांनी ती आज जावईबापूंच्या हवाली केली — म्हणजे त्यांच्या स्वतःच्या लेकीच्या नवऱ्याच्या. "तू जरा विश्रांती घे, पुढचं तो बघेल." विश्रांती! त्या डबीतली फट मी घडवली, केसाच्या शंभराव्या भागाइतकी. तिच्यात दुर्मीळ जातीचं हेलियम भरायचं आणि मरणाच्या थंडीत न्यायचं, की ते कशालाही न घासता वाहतं. ऐसपैस जागेत त्याची एक अवस्था असते — ब. चिमटीत धरलं की भिंती तिला टिकू देत नाहीत, मग दुसरी येते — अ. उमेदीची सगळी वर्षं मी यात घातली.

मला बसायला कोठीची खोली दिलीय. खुर्ची मागे सरकवली की डोकं सिलिंडरवर आपटतं.

९ मार्च
त्याला पाहिलं की तळपायाची आग मस्तकात जाते. "ताई, हा व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला फिरवू?" डावीकडे फिरव बाबा, आणि फिरवतच बस.

२ एप्रिल
प्रयोगशाळेत नुसता आरडाओरडा. जावईबापूंना एकाच वेळी दोन्ही अवस्था दिसल्या, अ आणि ब, शेजारी शेजारी! "पट्टे पडलेत! ही नवीच अवस्था!" सर नाचायचेच बाकी होते.

मी कोठीत आले, दार लावलं आणि पोट धरधरून हसले. पट्टे कसले? दाब वाढवला की डबीचं झाकण फुगतं. ते फुगलं की काचेवरच्या प्रकाशाच्या रंगीत कड्या सरकतात, मी स्वतः पाहिल्यात. मध्ये जागा वाढते, तिथे ब. कडेला चिमटी, तिथे अ. नवी अवस्था नाही हो, काचेचं पोट सुटलंय!

हे दुसऱ्या कोणालाच ठाऊक नाही. मी सांगणारही नाही.

३ एप्रिल
आईचा फोन. तिला मात्र सगळं सांगितलं. "अगं, सांगून टाक. तोंडघशी पडेल बिचारा." पडू दे! पुढच्या महिन्यातल्या परिषदेत, साऱ्या जगासमोर पडू दे. मी हात वर करीन आणि अगदी गोड आवाजात विचारीन — दाबाखाली झाकण किती फुगलं, मोजलंत का? बस्स.

१५ एप्रिल
जावईबापू कोठीच्या दारात, हातात शोधनिबंधाचा मसुदा. "ताई, एकदा नजर टाका ना. एक गोष्ट विचारायचीही होती."

मी मान वर केली नाही. "तुला हवं ते लिही. माझी कशालाच हरकत नाही."

"नक्की?"

"नक्की!"

किती बरं वाटलं म्हणून सांगू! स्वारी आपल्या पायांनी खड्ड्याकडे निघालीय.

१० मे
उद्या परिषद. आरशासमोर प्रश्न म्हणून पाहिला. आवाज अजून गोड हवा.

११ मे
त्याचं भाषण संपलं. मी हात वर करणार, तेवढ्यात पडद्यावर शेवटचं पान आलं. शोधनिबंधाचं शीर्षक आणि खाली लेखकांची नावं. पहिलं नाव माझं.

"डबी ताईंची, म्हणजे शोधही त्यांचाच," तो म्हणाला. "यासाठी मी सरांशी भांडलो. ताई, या ना वर. उत्तरं तुम्हीच द्या."

टाळ्यांत मी वर गेले. पहिल्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या शास्त्रज्ञानं हात वर केला. अगदी गोड आवाजात त्यानं विचारलं, "दाबाखाली झाकण किती फुगलं, मोजलंत का?"