मंगळाची माती आणि बोअरचं पाणी

१२ फेब्रु. ९७
जमलं एकदाचं. मंगळावरच्यासारखा काळा दगड दळून, लोखंडाचा गंज मिसळून केलेली माझी 'मंगळाची माती' तीन आठवडे पाण्यात होती. आज वरच्या पाण्यात तपासणीचे दोन थेंब टाकले, जांभळं झालं. म्हणजे दगडातून विषारी क्रोमियम सुटतं. मंगळावर पाणी होतं तेव्हाही सुटलं असणार. सर कधी हसत नाहीत, आज चहा पाजला.

१४ फेब्रु.
माती न घालता नुसतं पाणी तपासायचं राहिलं होतं. तेही जांभळं.
कॉलेजचं पाणी शुद्ध करायचं यंत्र बंद, म्हणून मी शहाणीने आमच्या चाळीच्या बोअरचं नेलं होतं. म्हणे आपलं पाणी गोड. आणि मी पीएच.डी. करणार! मंगळ गेला खड्ड्यात. हेच पाणी आम्ही पितो. वहिनीला सातवा महिना.

१५ फेब्रु.
पुन्हा केलं. तेच.
आईला म्हटलं, पिऊ नका. आई : "ना रंग, ना वास. आपलं पानी गोड शे." वहिनी हसली, पेला रिकामा केला. हातातून ओढायला हवा होता. नुसती बघत राहिले.

१६ फेब्रु.
कापड रंगवताना क्रोमियम वापरतात आणि दादा डाइंग मिलमध्ये आहे, म्हणून त्याला विचारलं. किती तरी वेळ बूट काढत बसला. मग, "रंगाचं वापरलेलं पाणी मिलमागच्या कोरड्या बोअरमध्ये सोडतो. शेठने सांगितलंय."
कोण सोडतं?
"मीच. दिवाळीपासून."
रडला. राग आला, कीवही आली. मग डोळे पुसून म्हणाला, "बाहेर बोलू नकोस. मिल बंद पडली तर अर्धी चाळ घरी बसेल."

१९ फेब्रु.
वहिनी माहेरी, शिंदखेड्याला. दादा सायकलवर उधन्याला राहणाऱ्या मावशीकडून नळाचं पाणी आणतो, अंधार असतानाच. सरांना चूक सांगितली. म्हणाले, बरं झालं वेळेत कळलं. मिलचं सांगितलं नाही. भीती वाटते, सारखी.

२१ फेब्रु.
सकाळी बोअरवर बायकांची रांग. मी दारात. शेजारची शोभा, कडेवर पोर, ओंजळीने त्याला पाणी पाजत होती. मला बघून म्हणाली, "ताई, तुम्हना घरनं कोनी पानी भराले काबर येत नही?"
रांगेतल्या बाकीच्याही वळल्या. दादा आत होता, चहाचा कप तसाच हातात धरून माझ्याकडे बघत. शोभाने पुन्हा विचारलं, का येत नाही.