दाराजवळचा आवाज

आत्या, तुझ्याबद्दल एका माणसाने मला प्रश्न विचारला आणि मी "नाही" असं उत्तर दिलं. उन्हाळा सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट. तेव्हापासून ऑफिसला जाता-येता मी मनातल्या मनात तुला समजावून सांगत असते की मी तसं का केलं. शारजाच्या हद्दीपाशी बस अडकते तोवर माझं बोलणंही कुठेतरी अडकलेलं असतं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. तू मला पहिली अक्षरं शिकवलीस ती मराठी, तेव्हा मराठीतच लिहिते.

तो माणूस इंग्लंडमधला, पप्पांच्याच वयाचा असेल. जुन्या तबकड्या गोळा करतो. तू ज्याला "उडतं गाणं" म्हणायचीस त्याला रॉकाबिली म्हणतात हे मला त्याच्याकडून कळलं. एक गिटार, एक माणसाएवढा डबल बास, त्याच्या तारा ओढून फळीवर आपटायच्या, ड्रम नाहीच, आणि मध्येच उचकी लागल्यासारखा तुटून वर जाणारा गळा. तुझ्या तरुणपणी अमेरिकेतसुद्धा हे गाणं पुरुषांचंच समजलं जायचं. ज्या थोड्या मुली धीर करून ते गायल्या त्यांची नावंही पुढे कुणी नीट लिहून ठेवली नाहीत. हा माणूस त्या मुलींच्या गाण्यांची एक रेकॉर्ड काढत होता, अमेरिकेतल्या आणि बाहेरच्याही. मुंबईत कुणाच्या तरी जुन्या सामानात त्याला तुमच्या बँडची तबकडी मिळाली. तिच्यावर बँडच्या मालकाचं नाव छापलेलं होतं, गाणाऱ्या मुलीचं नव्हतं. शोधत शोधत तो आपल्या गावी वसईला पोचला, तिथे तू आता नाहीस हे त्याला कळलं, आणि तिथून तो आमच्यापर्यंत आला. त्याने गाणं पाठवलं आणि विचारलं, हा आवाज तुमच्या आत्याचा आहे का? असेल तर रेकॉर्डच्या पाकिटावर तिचं नाव येईल, फोटो येईल, तिच्याबद्दल चार ओळी येतील. अमेरिकेबाहेर इतक्या लवकर हे गाणं गायलेली बाई त्याला दुसरी ठाऊक नव्हती.

पप्पांनी ते गाणं शारजात, अल नहदाच्या आमच्या घराच्या हॉलमध्ये ऐकलं. फोन एका कानाशी धरला, दुसरा कान तळहाताने दाबून घेतला. दुसरी ओळ सुरू व्हायच्या आतच म्हणाले, "हीच. लिही त्याला, हीच माझी बहीण." मग फोटो कुठला द्यायचा यावर त्यांचं आणि मम्मीचं वाजलं. पप्पांना तो गिटारवाला हवा होता, ज्यात तू फ्रॉक घालून खुर्चीच्या हातावर बसली आहेस. मम्मी म्हणाली, तो पाहूनच तर फादरनी चर्चमध्ये सगळ्यांसमोर तुला बोल लावले होते, तोच कशाला? पप्पा म्हणाले, म्हणूनच तो. त्यांना इतकं हसताना मी फुजैराच्या तेलबंदरावरची त्यांची नोकरी संपल्यापासून पाहिलं नव्हतं. व्हिडिओ कॉलवर त्या माणसाने अदबीने विचारलं की हा आवाज तिचाच हे तुम्हाला कशावरून वाटतं, तेव्हा पप्पा जवळजवळ रागावले. सख्ख्या बहिणीचा आवाज मी ओळखणार नाही? तो माणूस म्हणाला, नक्कीच ओळखाल. पण तुमच्या मुलीला त्या गाणं शिकवायच्या असं ऐकलं, तर तिचंही मत मला हवं आहे.

तर शिकवणं. मला ते सगळं अजून समोर दिसतं. फुजैराचं ते घर, खिडकीतून तेल भरायला थांबलेली जहाजं, पप्पा टर्मिनलवर, मम्मी दवाखान्यात ड्यूटीवर. मला दमा म्हणून शाळेची लांबची बस नको, असं ठरलेलं. दुबईत देऱ्याच्या हॉटेलातलं गाणं सोडून तू आमच्याकडे राहायला आलेली. सकाळी पाटी, मग पाढे, मग तू कोळंबी सोलायला बसतेस आणि मी तुझ्यासमोर. तू एक ओळ गातेस, मी ती परत करते. अर्थ विचारायचा नाही, आधी ओळ हुबेहूब परत करायची. श्वास नाकाने, बासची तार आपटते त्या जागेत, कुणाला ऐकू जाता कामा नये. उचकी गळ्यातून नाही, पोटातून. कधी तू मला बिल्डिंगच्या जिन्यात नेतेस, कारण तिथे आवाज वळून परत येतो आणि आपली चूक आपल्यालाच ऐकू येते. पप्पा ड्यूटीवरून येऊन खाली उभे राहायचे आणि कोण गातंय ते ओळखायचे. बहुतेक वेळा चुकायचे. तू खूश व्हायचीस. मीही व्हायचे.

एक दिवस तू तीच ओळ दोनदा गायलीस आणि विचारलंस, दोन्ही सारख्या होत्या का? मला फरक वाटला होता. दुसऱ्या वेळी तुझा आवाज वर जाताना दमला होता. पण तू नुकतीच तापातून उठली होतीस आणि मला वाईट वाटलं, म्हणून मी म्हटलं, सारख्या. तू हातातली कोळंबी खाली ठेवलीस. ओरडली नाहीस. म्हणालीस, "मला खूश करायला ऐकू नकोस, बाय. ऐकू आलं तेवढंच सांग." त्या दिवशी तू मला पुढे काही शिकवलं नाहीस, हात धुऊन खिडकीत जाऊन बसलीस. इतर पोरांना आईवडिलांनी बरंच काही बजावलेलं असतं. माझ्या हाडात ते एकच वाक्य गेलं. आज मी देऱ्यातल्या शिपिंग ऑफिसात मालाचे कागद तपासते. ज्या कागदाबद्दल माझी खात्री नसते त्यावर मी सही करत नाही, आणि साहेब वैतागून "यल्ला यार" म्हणत, आटप लवकर म्हणून, दारात उभे राहतात. ते तुझ्यामुळेच.

रेकॉर्डिंगच्या दिवसाची गोष्ट तू कितीदा सांगितली असशील. जहाजावर काम करणाऱ्या चुलतभावाने तुला एक तबकडी आणून दिली होती, तिच्यावर एक अमेरिकन मुलगी गात होती. ती ऐकून तू जेवायची थांबलीस. बाई असं गाऊ शकते, एवढंच तुझ्या डोक्यात. मग रेल्वेच्या हॉलमधले नाच, तिथला तुमचा बँड, सगळे पुरुष आणि तू. एके दिवशी तुम्ही रेकॉर्डिंगला गेलात. तू उचकी घेतलीस की यंत्राचा काटा लाल रंगात जायचा. तिथला माणूस तुला म्हणाला, एक पाऊल मागे. मग अजून एक. असं करत करत तुला बासवाल्याच्याही मागे, दारापर्यंत नेलं. बँडच्या मालकाची मेहुणी कोरसला आलेली होती, ती मात्र माइकसमोरच उभी. हे सांगताना तू स्वयंपाकघरात एकेक पाऊल मागे जाऊन फ्रीजला टेकायचीस आणि आम्ही हसून लोळायचो. शेवटी म्हणायचीस, "मग झालं रेकॉर्डिंग. खलास." पुढचं आम्ही कधी विचारलं नाही. इतकं हसू यायचं की विचारायचं सुचायचंच नाही.

ते गाणं मी हेडफोन लावून ऐकलं, बसमध्ये, ऑफिसात, घरी दार लावून. आवाज छान आहे. स्वच्छ आहे, तालात आहे, सरळ आहे. ओळीच्या आधी तोंडाने घेतलेला श्वास स्पष्ट ऐकू येतो. उचकीच्या जागा येतात आणि तो आवाज त्यांच्यावरून न तुटता सरळ निघून जातो. मी दोन गोष्टी धरून पाहिल्या. एक म्हणजे ती मेहुणी आहे आणि तू दाराजवळ उभी आहेस. दुसरी म्हणजे तूच आहेस, पण तुला दामटून तसं गायला लावलंय. बासच्या मागे कुठे तुझी खूण सापडते का म्हणून मी तोच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. एकदा काहीतरी ऐकल्यासारखं वाटलं. पण ते मला ऐकायचंच होतं, आणि असं ऐकलेलं धरायचं नाही हे तूच शिकवलं होतंस. दुसरं काही ताडून पाहायला नव्हतं. देऱ्याच्या हॉटेलात कुणीतरी तुझी एक कॅसेट भरली होती. पण तेव्हा इथली माणसं पत्रांऐवजी कॅसेटवर बोलून घरी पाठवायची, आणि एका शुक्रवारी कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा तू स्वतःच त्या गाण्यांवर आजीसाठी निरोप भरून दिलास. आजीने त्यावर उत्तर भरून परत पाठवलं. असं ते वर वर भरत गेलं. पप्पा हे सांगतात तेव्हा त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. आईला निरोप पाठवणं गाण्यापेक्षा मोठं होतं, म्हणतात.

मी त्या माणसाला लिहिलं की माझ्या कानाला हा आवाज आत्याचा वाटत नाही. वडिलांना वाटतो, तेही लिहिलं, त्यांचं मत डावलून नव्हे. त्याने आभार मानले. एका घरात दोन मतं असतील तर नाव छापणं बरोबर होणार नाही, असं त्याने सभ्यपणे कळवलं. मग त्याने ते गाणंच गाळलं. रेकॉर्ड निघाली. त्याने एक आम्हाला भेट पाठवली. तिच्या पाकिटावर बऱ्याच मुली आहेत, गिटार घेतलेल्या, केस वर बांधलेल्या. तू नाहीस.

पप्पांपासून मी काही लपवलं नाही. सगळं सांगितलं, कारणांसकट. मला वाटलं ते भांडतील. ते पाकीट उलटंसुलटं करून बघत होते. मग म्हणाले, "तुला तपासायला कुणी सांगितलं होतं, बाय?" एवढंच. त्यांनी गिटारवाला फोटो परत अल्बममध्ये लावला. त्यानंतर ते तुझं नाव काढेनासे झाले. मम्मी विषय काढू बघायची, तर टीव्हीचा आवाज वाढवायचे. मला वाटत राहिलं की मी तुझ्या बाजूने उभी राहिले आहे. तुला मागे ढकलून दुसरीला पुढे केलं, आणि आता त्या दुसरीच्याच आवाजावर तुझं नाव चिकटवायचं, हे तुला चाललं नसतं. या एका विचारावर मी सबंध उन्हाळा काढला.

मागच्या रविवारी मी स्वयंपाकघरात तांदूळ धूत होते आणि गात होते, तुझंच काहीतरी, लक्ष नव्हतं. पप्पा दारात येऊन उभे राहिले. डोळे भरलेले. मला वाटलं त्यांना तुझा भास झाला, जिन्याखाली व्हायचा तसा. मी म्हटलं, "आत्यासारखं वाटलं ना?" त्यांनी मान हलवली. नाही म्हणाले. "ती एवढ्या उचक्या घ्यायची नाही. ओळीच्या शेवटी एखादी. शब्दाशब्दाला उचकी ही तुझी सवय, लहानपणापासूनची. ती हसायची तुला. नंतर नंतर तीच तुझ्यासारखं गायला लागली होती, तुला बरं वाटावं म्हणून." माझ्या हातातलं भांडं सिंकमध्ये तसंच राहिलं, पाणी वाहत होतं. मी विचारलं, मग हे तेव्हाच का नाही सांगितलंत? ते म्हणाले, मी सांगितलं होतं ना, हीच म्हणून.

ते खरं बोलत असतील. किंवा त्यांना ते गाणं इतकं तुझं हवं आहे की त्यांच्या आठवणीत तूच त्या गाण्यासारखी होऊन बसली असशील. मला कसं कळणार? मी स्वतःला म्हटलं, त्यांचं राहू दे, तू आठव. माझ्याशिवायची आत्या आठव. मी जन्मायच्या आधीची तर मला माहीतच नाही, पण निदान कोळंबी सोलताना पहिली ओळ गाणारी, मी परत करायच्या आधीची. तोंड दिसतं. ओठ हलताना दिसतात. नखांना लागलेलं कोळंबीचं साल दिसतं. आवाज लावायला जाते तर जो येतो तो लहान आहे, वरचा आहे, शब्दाशब्दाला तुटतो. मी तो पुन्हा पुन्हा बाजूला सारून बघितलं. त्याच्या मागे काही नाही.

त्या माणसाला आता काय लिहू? माझी खात्री नाही, असं? रेकॉर्ड छापून विकली गेली. आणि "नाही" हे चूक होतं अशीही माझी खात्री नाही. तसं लिहिलं तर तेसुद्धा पप्पांना खूश करायलाच होईल. नाही म्हटलेलं तसंच ठेवलं तर तू पुसली जातेस, हो म्हटलं तर कदाचित दुसरीच कुणी तुझ्या नावाने जगते. ज्यांनी तुझं गाणं कान देऊन ऐकलं त्यांतले पप्पा उरले आहेत आणि मी. पप्पा आता पुन्हा तो विषय काढू देत नाहीत.

हे पाठवायचं कुठे, तो प्रश्नच नाही. फक्त एवढं तुला सांगून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही. तुझा आवाज मला आठवत नाही, आत्या. तुझा म्हणून जो कानात धरला आणि नाही म्हटलं, तो बहुतेक माझाच होता.