हर्षालीचं विमान टेकेना

इंदूर,
९ फेब्रुवारी २००१

सौ. संध्या हिस,

आम्ही दोघं खुशाल आहोत, हे आधी वाच.

सकाळी एसटीडीवरून बोललो, पण धड सांगता आलं नाही. आपल्या लेकीनं, हर्षालीनं आज पहिल्यांदा एकटीनं विमान उडवलं आणि उतरवलं.

उतरताना विमान धावपट्टीच्या हातभर वर आलं आणि टेकेचना. तसंच तरंगत पुढं निघालं. मी कुंपणाची तार घट्ट धरली. तेवढ्यात तिनं ते पुन्हा वर नेलं. मला वाटलं, काहीतरी बिघडलं.

तिचे शिक्षक बर्वे सर शेजारीच होते. म्हणाले, "काका, जमिनीजवळ पंखांना हवेचा जास्त आधार मिळतो. वेग जरा जास्त असला की विमान तरंगत राहतं. घाबरून खाली दाबलं तर आदळतं. तिनं दाबलं नाही, पट्टी संपायच्या आत वर घेतलं. अगदी बरोबर केलं."

दुसऱ्या फेरीत ती वेग कमी ठेवून आली. विमान परत थोडं तरंगलं, तिनं वाट पाहिली, आणि चाकं अलगद टेकली.

खाली उतरून मला म्हणाली, "दादा, घाबरलात?" मी नाही म्हणालो. तुला म्हणून सांगतो, चाकं टेकेपर्यंत मी कुंपणाची तार सोडली नव्हती.

द्राक्षांच्या काढणीला माणसं आली का? तुझी कंबर कशी आहे? सगळं एकटीवर घेऊ नकोस, शेजारच्या शेखरला हाक मारत जा.

बर्वे सरांनी विचारलं, "पोरीत एवढा धीर कुणाचा आला?" मी तुझं नाव सांगितलं.

तुझा,
रंगनाथ